म्हातारपणाचं शास्त्र, जामखेडमार्गे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाची भाषा तशीच ठेवलीय, फक्त थोडी झाडलीय.

आजचा प्रश्न साधा आहे. समजा तुम्ही पाथर्डीत, जामखेडमध्ये नाहीतर श्रीगोंद्यात राहता. पदवी झालीय. घरात आजी-आजोबा आहेत, गल्लीत अजून दहा म्हातारी माणसं आहेत, आणि तुमच्या मनात येतं की हा विषय नीट शिकावा. म्हातारपणाचं शास्त्र. इंग्रजीत जेरॉन्टॉलॉजी, मराठीत वृद्धत्वशास्त्र. पदव्युत्तर पातळीवर आणि मोबाईलवर, घरबसल्या. जमेल का?

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो. गंमत म्हणजे त्या इतिहासातला एक महत्त्वाचा धडा आपल्याच जिल्ह्यात घडलाय. जिल्ह्याचं सरकारी नाव 2024 पासून अहिल्यानगर. बोलताना आपण अजून 'नगर' म्हणतो, तसंच इथेही म्हणू.

दही खाणारा शास्त्रज्ञ

आधी शब्दाची गोष्ट. म्हातारपणाचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. आयुर्वेदाची जी आठ अंगं सांगतात, त्यात जराचिकित्सा म्हणजे रसायनतंत्र हे एक अंग आहे. पण 'जेरॉन्टॉलॉजी' हा शब्द तसा अलीकडचा, 1903 सालचा. तो दिला एली मेचनिकॉफ या तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञानं. शरीरातल्या पेशी जंतूंना कशा गिळतात हे शोधल्याबद्दल त्याला 1908 मध्ये नोबेल मिळालं. या गृहस्थाचं ठाम मत होतं की आतड्यातले वाईट जंतू माणसाला म्हातारं करतात, आणि आंबवलेलं दूध, म्हणजे आपल्या भाषेत दही, खाल्लं तर आयुष्य वाढतं. तो स्वतः नेमानं असलं दूध घ्यायचा. 1916 मध्ये गेला तेव्हा 71 वर्षांचा होता. दह्यानं ते साधलं की नशिबानं, कोण सांगणार! पण म्हातारपण हे नुसतं नशीब नाही, त्याचा अभ्यास करता येतो, ही कल्पना त्यानं रुजवली.

1909 मध्ये अमेरिकेत इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरनं दुसरा शब्द काढला, जेरिअॅट्रिक्स. हे दोन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण फरक लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. जेरिअॅट्रिक्स म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आजारांवरचे उपचार, ते डॉक्टरांचं काम. जेरॉन्टॉलॉजी म्हणजे म्हातारपणाचाच सगळ्या बाजूंनी अभ्यास: शरीर, मन, पैसा, घर, कायदा, एकटेपणा, सगळं आलं.

1935 च्या सुमारास लंडनमध्ये मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांच्या इस्पितळाला शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले शेकडो म्हातारे रुग्ण जोडले गेले. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासलं आणि त्यांच्या लक्षात आलं की यातले बरेच जण नुसते झोपवून ठेवल्यामुळे आजारी आहेत. त्यांनी माणसांना उठवलं, चालवलं, काहींना घरी पाठवलं. हे कळायला खाटेजवळ जाऊन बसावं लागलं. हा मुद्दा बाजूला ठेवा, परत लागणार आहे.

म्हातारी माणसं आली कुठून?

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्याच्या आसपास भारतात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या घरात होतं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे तिशीत मरायचे असा नाही, बरं का. तेव्हाही ऐंशीची माणसं होतीच. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये गेले, 104 वर्षं जगले. चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर सत्तरीपर्यंत राज्य करत होत्या. सरासरी खाली ओढली जायची ती लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. पाचातलं एखादं मूल पहिल्या काही वर्षांतच जायचं.

म्हणजे म्हाताऱ्यांची संख्या वाढायची असेल तर आधी बाळं वाचायला हवीत. इथे जामखेड येतं.

रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि 1970 मध्ये जामखेडला आले. सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प, म्हणजे सीआरएचपी, तेव्हा सुरू झाला. लोकांना विचारलं तर लोकांनी दवाखाना मागितलाच नाही. लोक म्हणाले, पाणी द्या, खायला द्या. मग पाण्यापासून, मुलांच्या खाण्यापासून सुरुवात झाली. पुढे 1972 चा दुष्काळ आलाच.

गावात शिकलेल्या नर्स ठेवून बघितल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी एकटी गावात राहायला कचरायची, आणि गावही तिचं ऐकायचं नाही. मग आरोळ्यांनी जो निर्णय घेतला तो त्या काळात वेडेपणाच वाटला असेल. प्रत्येक गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि तिलाच शिकवायचं. यातल्या कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित. कुणी टाकलेली, कुणी विधवा. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. त्या पंगतीत जातही सैल व्हायची. पुस्तक नाही. बोलणं, चित्रं, गाणी, प्रत्यक्ष करून दाखवणं. जे शिकायचं ते गावात जाऊन करायचं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचं की काय जमलं, काय फसलं.

परिणाम? 1971 मध्ये त्या गावांत हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. 1990 च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातले आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले, आजही येतात. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये.

आता एक साधं गणित करा. 1971 साली त्या गावांत जन्मलेलं आणि या बायांनी वाचवलेलं बाळ 2031 मध्ये साठ वर्षांचं होईल. आणि 1971 साली तिशीत असलेली आरोग्य कार्यकर्ती आज हयात असेल तर पंच्याऐंशीच्या पुढे आहे. म्हणजे जिनं शिकून बाळं वाचवली, तिच्यासाठी आता कुणीतरी शिकायची वेळ आलीय.

नगरचं म्हातारपण वेगळं का

आकडे थोडेच सांगतो. 2011 च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसं 10 कोटी 38 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के. महाराष्ट्रात 9.9 टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. नंतर 2017-18 मध्ये एक मोठी पाहणी झाली, 'लासी' नावाची, 45 वर्षांपुढच्या बहात्तर हजारांहून जास्त लोकांची. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ती केली, हार्वर्ड आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या साथीनं. त्यात दिसलं की साठीपुढचे सुमारे 6 टक्के लोक अगदी एकटे राहतात आणि सुमारे 20 टक्के फक्त नवरा-बायको.

पण नगरचं चित्र एवढ्यानं कळत नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा बागायती पट्टा. तिथे लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 च्या शेवटी त्याची चाकं फिरली. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, कोरडवाहू भाग. उत्तरेत ऊस उभा राहतो आणि तो तोडायला दक्षिणेतली माणसं निघतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता. मार्च-एप्रिलपर्यंत घर बंद.

बंद म्हणजे अगदी बंद नाही. घरात म्हातारी असते. तिच्यासोबत शाळेत जाणारी नातवंडं असतात, एखादी शेळी असते. पाच-सहा महिने घरातली कर्ती व्यक्ती म्हणजे तीच. गुडघे दुखतात, डोळ्यात मोतीबिंदू आलाय, बीपीची गोळी संपलीय, आणि वर नातवाला सकाळी उठवून शाळेत पाठवायचं. आपण शहरात 'वृद्धांची काळजी कोण घेणार' असं विचारतो. या गावांत निम्मं वर्ष म्हातारी माणसंच बाकीच्यांची काळजी घेत असतात.

हे चित्र अमेरिकन पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पुण्या-मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीतही फारसं नाही. म्हणून नगरच्या पोरापोरींनी हा विषय शिकावा असं मला वाटतं. हे जे माहीत आहे ते त्यांनाच माहीत आहे.

टपालानं शिकणं ते मोबाईलवर शिकणं

आता दुसरा धागा, दुरून शिकण्याचा. तो मोबाईलपासून सुरू झाला नाही. 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन टपालानं शॉर्टहँड शिकवत होता. विद्यार्थी कार्डावर स्वाध्याय पाठवायचे, तो तपासून परत पाठवायचा. आपल्याकडे 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. 1985 मध्ये इग्नू आलं. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद तुम्ही एखाद्या काकूंच्या नाहीतर पोलीस मामांच्या पदवीवर पाहिलं असेल. 2017 मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं, विद्यापीठांचे कोर्स मोबाईलवर आले. कोविडमध्ये सगळ्यांनाच ऑनलाइन बसावं लागलं. 2020 मध्ये यूजीसीनं मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्र नियम केले आणि 2022 मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची.

जेरॉन्टॉलॉजीचं काय? युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात 1975 मध्ये खास याच विषयाचं स्वतंत्र स्कूल निघालं. आज तिथली पदव्युत्तर पदवी पूर्ण ऑनलाइन घेता येते. गंमत बघा, आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची पाहणी करणाऱ्या 'लासी'त याच विद्यापीठाचा हात आहे. म्हणजे आपल्या आजीचा आकडा कॅलिफोर्नियात पोचतो, आणि तिथली पदवी पाथर्डीत पोचू शकते. अर्थात फी डॉलरमध्ये.

भारतात वाट जरा वळणाची आहे. इग्नूचा वृद्धरोगशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, पण तो एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी, आणि त्यात इस्पितळातली प्रात्यक्षिकं आहेतच. देवनारची संस्था लोकसंख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीनं देते, त्यात म्हाताऱ्या होत जाणाऱ्या समाजाचा हिशेब कळतो. इग्नूचं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ आहे. प्रत्यक्ष वर्गात बसायचं तर नगरमध्येच सीएसआरडी आहे, समाजकार्य शिकवणारं. पुण्यात डॉ. शरच्चंद्र गोखले यांनी 2003 मध्ये उभं केलेलं इंटरनॅशनल लॉन्जेव्हिटी सेंटर आहे, तिथे ज्येष्ठांविषयीचं संशोधन आणि प्रशिक्षण चालतं.

आणि इथे तो मघाचा फरक कामाला येतो. यूजीसीच्या नियमांनुसार वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी असे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. 2025 मध्ये तर मानसशास्त्र, पोषण आणि आहारशास्त्र अशा विषयांनाही ही बंदी लागली, कारण आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांसाठी 2021 मध्ये वेगळा कायदा झालाय. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला हात लावून उपचार करायचं शिक्षण ऑनलाइन नाही. त्याच्याभोवतीचा समाज, कायदा, पैसा, धोरण यांचं शिक्षण ऑनलाइन चालतं.

काही जणांना ही अडवणूक वाटेल. नगरपासून दूर राहणाऱ्या, घर सोडू न शकणाऱ्या मुलीसाठी ती आहेही. पण वॉरनबाई आठवा. खाटेजवळ बसल्याशिवाय त्यांना कळलं नसतं. आणि जामखेड आठवा.

जामखेडची रीत काय सांगते

जामखेडलाही ज्ञान बाहेरूनच आलं होतं. वेल्लोरहून आलं, बाल्टिमोरहून आलं. त्यात कमीपणा काही नाही. फरक पडला तो शिकण्याच्या रीतीनं. आठवडाभर गावात काम, एक दिवस शिकणं, परत गावात. शिकलेली गोष्ट सात दिवसांच्या आत कुणाच्या तरी घरात वापरून बघायची. मोबाईलवरच्या कोर्सला ही रीत लावता येते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

समजा या आठवड्यात कोर्समध्ये 'पडणं' हा विषय आहे. म्हाताऱ्या माणसांचं पडणं, खुब्याचं हाड मोडणं. व्हिडिओ बघून झाला की गल्लीतल्या पाच घरांत जायचं. न्हाणीघरात उजेड आहे का, फरशी घसरते का, रात्री उठल्यावर धरायला काही आहे का, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला? पुढच्या आठवड्यात कायदा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध आई-वडील प्रांताकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात, महिना 10 हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. हे तुमच्या गावात किती जणांना माहीत आहे? आणि माहीत असूनही कुणी अर्ज का करत नाही? 'आपल्याच पोराला कचेरीत कशी खेचू' असं एखादी आजी म्हणाली, तर त्यावर कुठलाही ऑनलाइन धडा तयार उत्तर देणार नाही. ते उत्तर तिच्यासोबत बसून, चहा पीत, हळूहळूच सापडतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पैसा. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये कुणाला मिळतात, कुणाचे कशामुळे अडकलेत, ते विचारायचं.

असा वर्षभराचा अभ्यास केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी असतील. एक प्रमाणपत्र, आणि आपल्या गावातल्या म्हातारपणाचा खरा नकाशा. प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडेल. नकाशा पाचटाच्या धगीत कुणाची आजी एकटी आहे ते सांगेल.

आता व्यवहाराचं दोन मिनिटं. नाव नोंदवण्याआधी त्या विद्यापीठाला त्या विशिष्ट कोर्ससाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. 2024 पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी काढावा लागतो, तो न मागताच कुणी प्रवेश देत असेल तर सावध व्हा. परदेशी ऑनलाइन पदवी घेणार असाल तर तिला भारतात समकक्षता मिळेल का, हे फी भरण्याआधी विचारा. आणि कोर्समध्ये प्रत्यक्ष काम किती आहे ते बघा. अजिबात नसेल तर ते तुमचं तुम्ही जोडा.

शेवटचं. आरोळ्यांच्या काळात 'निरक्षर बायका आरोग्य काय शिकणार' असं म्हणणारे शहाणे लोक होते. आज 'मोबाईलवर काय शिक्षण होतंय' असं म्हणणारे आहेत. दोघांनाही उत्तर एकच. कशावर शिकलात यापेक्षा, शिकून सोमवारी कुणाच्या दारात गेलात हे महत्त्वाचं. 2031 फार लांब नाही. जामखेडची ती वाचलेली बाळं साठीला येतायत, आणि त्यातली बरीच दरवर्षी अजून कोयता घेऊन उसाच्या फडात जातायत. त्यांच्या म्हातारपणाची तयारी कुणीतरी आत्ताच सुरू करायला हवी.

आजचा भाग आवडला तर घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला ऐकवा. हेडफोन लावून नाही, मोठ्यानं. आणि ऐकून ते काय म्हणाले ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.